श्रद्धा आणि मनाचें दुखणें

आपल्याकडे कोणाचें शरीर आजारी पडलें म्हणजे सारी आळी विचारपूस करावयास येते. कोणी काढा सांगतो, कोणी डॉक्टरचें नांव सुचवितो, कोणी रात्रीं उशाशीं बसतो. मन आजारी पडलें म्हणजे मात्र लोक औषध सांगत नाहींत, कारण सांगतात. "देवाचें कांहीं करीत नाहीं, म्हणून असें झालें," असें एक म्हणतो. "प्रार्थनेंत खंड पडला असेल," असें दुसरा म्हणतो. तिसरा कांहींच म्हणत नाहीं; त्या घराशीं सोयरीक करावयाची नाहीं एवढें मनांत ठरवून टाकतो. तिसऱ्याचा विचार आज आम्हांस कर्तव्य नाहीं. पहिल्या दोघांविषयीं मात्र थोडें विस्तारानें बोलावयाचें आहे. कारण ते दुष्ट नसतात, बहुधा प्रेमळच असतात, आणि ज्या समजुतीनें ते बोलतात ती हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्व घरांतून सारखीच रुजलेली आहे. ती समजूत अशी कीं, ज्याची श्रद्धा खरी त्याचें मन खचत नाहीं, आणि ज्याचें मन खचलें त्याची श्रद्धा कोठें तरी उणी पडली असली पाहिजे.

ही समजूत खोटी आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. ती नुसती खोटी असती तर तिच्याकडे दुर्लक्ष करतां आलें असतें. पण ती घातकही आहे. ज्याला रात्र रात्र झोंप येत नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, आणि आपण कोणालाही नकोसे झालों आहों असें ज्याला वाटूं लागलें आहे, त्याच्याकडे जाऊन आपण सांगतों कीं, बाबा रे, तूं देवालाही नकोसा झाला आहेस. शब्द निराळे असतात, अर्थ हाच असतो.

या समजुतीच्या अगदीं उलट टोकाला दुसरा एक पक्ष आहे. त्याच्या मतें धर्म हेंच मुळीं मनाचें एक दुखणें. व्हिएन्ना येथील डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनीं १९०७ सालच्या एका निबंधांत मनोविकारी मनुष्याचीं चमत्कारिक नित्यकर्में आणि भाविकांचे विधि यांचें साम्य दाखविलें, आणि पुढें १९२७ सालीं एक स्वतंत्र पुस्तक लिहून धर्मश्रद्धेस आभास ठरविलें. फ्रॉइडसाहेबांची नजर बारीक होती, आणि त्यांनीं दाखविलेलें साम्य कांहीं ठिकाणीं खरेंही आहे, हें पुढें दिसेलच. परंतु पहाटे उठून जात्यावर ओव्या म्हणणारी, दोन लेंकरें गमावूनही तिसऱ्याला हंसून खेळविणारी आपल्याकडील आजी ज्या सिद्धान्तानें रोगी ठरते, त्या सिद्धान्तांतच कोठें तरी चूक असली पाहिजे. तेव्हां त्या पक्षास येथेंच रामराम करून आम्ही मूळ विषयाकडे वळतों.

विल्यम कूपर हें नांव आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं इंग्रजी कवितांच्या पुस्तकांत कदाचित् पाहिलें असेल. हा इंग्लंडांत १७३१ सालीं जन्मला. सहा वर्षांचा असतांनाच त्याची आई गेली. पुढें लंडनमध्यें त्यानें कायद्याचा अभ्यास केला. १७६३ सालीं एका नातलगाच्या वशिल्यानें त्याला पार्लमेंटाच्या वरिष्ठ सभेच्या कचेरींत एक चांगली जागा मिळण्याचा योग आला. परंतु रुजू होण्यापूर्वीं त्या सभेपुढें उभें राहून तोंडी परीक्षा द्यावयाची होती. परीक्षेचा दिवस जसजसा जवळ येऊं लागला तसतशी त्याची झोंप उडाली, पुस्तकांतील अक्षर डोक्यांत शिरेना, आणि अखेर त्यानें आपल्या जिवाचें बरेंवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला. सुदैवानें तो वांचला. (परीक्षेच्या धास्तीनें मन मोडणें ही कांहीं आमच्या शालान्त परीक्षेनें काढलेली नवी तऱ्हा नव्हे, हें जातां जातां नमूद करून ठेवतों.) आप्तांनीं त्याला सेंट ऑल्बन्स येथें डॉक्टर कॉटन यांच्या गृहांत नेऊन ठेविलें. हे डॉक्टर स्वतः कविता करीत, आणि रोग्यांस मायेनें वागवीत. सुमारें दीड वर्षानें कूपर बरा होऊन बाहेर पडला. याच काळांत पवित्र शास्त्राच्या वाचनानें त्याला मोठी शांति लाभली आणि तो अत्यंत भाविक बनला.

पुढें तो मेरी अन्विन नांवाच्या एका विधवा बाईंच्या घरीं ओल्नी या गांवीं राहूं लागला. तेथील धर्मगुरु जॉन न्यूटन हे पूर्वीं गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. त्यांची आणि कूपरची गाढ मैत्री जमली. दोघांनीं मिळून एक गीतसंग्रह रचला, तो १७७९ सालीं छापून निघाला. त्यांत कूपरचीं साठांहून अधिक गीतें आहेत, आणि त्यांतील कांहीं आजही जगभरच्या मंडळ्यांतून गाइलीं जातात. परंतु संग्रह छापून निघण्याच्या किती तरी आधीं, १७७३ च्या जानेवारींत, कूपरचें मन पुन्हां ढासळलें. देवानें आपणांस कायमचें टाकून दिलें आहे, आणि आतां आपल्याला सुटका नाहीं, असा त्याचा निश्चय झाला. त्यानंतर १८०० सालीं मरण येईपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षें, तो या निश्चयासहित जगला. तो पुन्हां देवळांत पाऊल टाकीना. ज्याचीं गीतें गाऊन हजारों लोक डोळे पुसत होते, त्याला त्या गीतांतील एकही आश्वासन आपल्यासाठीं आहे असें वाटत नव्हतें.

आतां वाचकांनींच सांगावें, या मनुष्याच्या श्रद्धेंत काय उणें होतें? ती मोजावयाचा तराजू आमच्या पहिल्या दोन शेजाऱ्यांपैकीं कोणाच्या घरीं आहे? दुसऱ्या पक्षाच्या कांहीं लोकांनीं कूपरच्या पश्चात् असें म्हणून पाहिलें कीं, न्यूटनच्या कडक धर्मोपदेशानेंच त्याला वेड लागलें. तेंही टिकत नाहीं. कारण १७६३ चें मोठें दुखणें आलें तेव्हां न्यूटन कोण हें त्याला ठाऊकसुद्धां नव्हतें. धर्मानें त्याला आजारी केलें नाहीं, आणि धर्मानें त्याचा आजार अडविलाही नाहीं. आजार आपल्या वाटेनें आला. मात्र आला तो धर्माचीं वस्त्रें लेवून आला. कारण कूपरला देवाहून प्रिय असें दुसरें कांहीं नव्हतें, आणि मनाचें दुखणें मनुष्याला जें सर्वांत प्रिय त्यावरच झडप घालतें. सावकाराला दिवाळें निघण्याचें भय वाटतें, आईला मूल दगावण्याचें, आणि भाविकाला देवानें टाकल्याचें.

मग इतकीं वर्षें त्याला तारलें कोणीं? पहिल्यानें मेरी अन्विन बाईंनीं. त्यांनीं रात्रींच्या रात्रीं त्याच्याजवळ जागून काढल्या. दुसऱ्यानें न्यूटननें, त्या भयंकर सालीं त्यानें मित्राला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून घेतलें. आणि हंसूं नका, पण तिसऱ्यानें सशांनीं! १७७४ सालीं शेजाऱ्यांनीं त्याला सशाचीं पिलें आणून दिलीं. त्यांतलीं तीन त्यानें वाढविलीं, त्यांचीं पस, टायनी, बेस अशीं नांवें ठेविलीं, स्वतःच्या हातांनीं सुतारकाम करून त्यांना खुराडीं बांधलीं. बागकाम केलें. होमरचीं दोन्ही महाकाव्यें इंग्रजींत आणलीं. तें भाषांतर १७९१ सालीं प्रसिद्ध झालें. निश्चय सुटला नाहीं, पण दिवस निघाले. आणि त्या दिवसांत त्यानें इंग्रजी भाषेंतील कांहीं उत्कृष्ट पत्रें व कविता लिहिल्या.

असेंच एक उदाहरण आपल्या मराठी घरांतलें आहे. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' ज्यांनीं वाचलीं असतील त्यांस पुस्तकाच्या आरंभींची त्यांच्या वडिलांची हकीगत आठवेल. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील १८५७ च्या धामधुमींत फांसावर गेले, आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांस सोवळ्याचें विलक्षण वेड लागलें. बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत घ्यावयाचा नाहीं, आणि यांतून मीठसुद्धां सुटावयाचें नाहीं! लक्ष्मीबाईंनीं हें सारें अशा विनोदानें सांगितलें आहे कीं, वाचतांना हंसूं आंवरत नाहीं. परंतु पुस्तक मिटल्यावर त्या घरांतील बायकामुलांचे हाल डोळ्यांपुढें उभे राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला तो कडकडीत आचार दिसला असेल. आंत पाहिलें तर तेथें एक घायाळ झालेलें मन होतें, आणि त्याला दुसरी भाषा येत नव्हती म्हणून तें सोवळ्याओंवळ्याच्या भाषेंत रडत होतें.

आपल्या पूर्वजांस हा रोग अगदींच अपरिचित होता असें नाहीं. मराठींत त्याला 'मंत्रचळ' असा नामी शब्द आहे. मंत्रानें किंवा मंत्राच्या निमित्तानें चळलेलें मन! स्पेनमधील इग्नेशियस लोयोला, ज्यांच्या संघाच्या शाळा-कॉलेजें मुंबईपासून मंगळुरापर्यंत आपल्या परिचयाचीं आहेत, ते १५२२ सालीं मान्रेसा गांवीं याच चळानें पछाडले होते. केलेलीं पापें पुन्हां पुन्हां कबूल करावीं, तरी कांहीं राहिलें असेल ही रुखरुख जाऊं नये. शेवटीं त्यांनीं आठवडाभर अन्नपाणी वर्ज्य केलें. तेव्हां त्यांचें पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनीं आणखी व्रत सांगितलें नाहीं. उपास सोडण्याची आज्ञा केली. इग्नेशियस यांनीं ती पाळली. रुखरुख लगोलग गेली नाहीं, दोन दिवसांनीं परतली. परंतु जुनीं पापें पुन्हां उकरून काढावयाचीं नाहींत असा त्यांनीं पुढें निश्चय केला आणि ते त्यांतून बाहेर पडले. उत्तरकाळीं त्यांनीं साधकांसाठीं जें पुस्तक लिहिलें त्यांत या रुखरुखीसंबंधानें स्वतंत्र टिपणें आहेत, तीं त्या अनुभवाचीं फळें होत.

धर्माचरण कोणतें आणि मंत्रचळ कोणता, हें ओळखण्याची एक ढोबळ खूण यावरून सांगतां येईल. संध्या, नमाज किंवा प्रार्थना आटोपून मनुष्य उठतो तेव्हां ती संपलेली असते. तो कामाला लागतो, मुलांशीं बोलतो, शेजाऱ्याच्या अडीनडीला धांवतो. मंत्रचळ्याची संध्या कधींच संपत नाहीं. अशा मनुष्याला "आणखी थोडें जप" असें सांगणें म्हणजे पोटशूळ उठलेल्याला आग्रह करकरून वाढण्यासारखें आहे.

एवढ्यावरून आम्ही धर्माला मनाच्या आरोग्याच्या बाबतींत बिनकामाचा समजतों असें मात्र कोणीं मानूं नये. अमेरिकेंतील परिचारिकांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध आहे. तींतील सुमारें नव्वद हजार स्त्रियांची १९९६ पासून २०१० पर्यंतची माहिती अभ्यासून २०१६ सालीं असें प्रसिद्ध करण्यांत आलें कीं, आठवड्यांतून एकदां तरी सार्वजनिक उपासनेस जाणाऱ्या स्त्रियांत आत्महत्येचें प्रमाण, कधींच न जाणाऱ्या स्त्रियांच्या मानानें, सुमारें एकपंचमांश होतें. फरक थोडाथोडका नव्हे. त्या स्त्रिया बहुतेक गोऱ्या व ख्रिस्ती होत्या, तेव्हां तो आंकडा उचलून पंढरीच्या वारकऱ्यांस किंवा कोंकणांतील मोहल्ल्यांस चिकटवितां यावयाचा नाहीं. परंतु त्यांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मोजलें गेलें तें उपासनेला जाणें. घरचें दार उघडून बाहेर पडणें, चार माणसांत बसणें, एका सुरांत गाणें, "गेल्या रविवारीं कां दिसला नाहींत?" असें कोणीं तरी विचारणें, या सर्वांचा त्यांत वांटा असणार. आमच्या भजनी मंडळांचें, दिंड्यांचें, मंडळ्यांचें जें सामर्थ्य आहे तें येथें आहे. दुखणेंकऱ्याला धर्म जी पहिली वस्तु देऊं शकतो ती सोबत.

दुसरी वस्तु म्हणजे दुःख बोलून दाखविण्याची भाषा. तुकोबांचें उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचें आहे. १६३० च्या सुमाराच्या त्या दारुण दुष्काळांत त्यांची पत्नी गेली, मुलगा गेला, दुकान बुडालें, जनांत लाज झाली. आईबाप त्यापूर्वींच गेले होते. आपल्या दुर्दशेची हकीगत त्यांनीं स्वतःच अभंगांत सांगून ठेविली आहे. आणि तीं दुःखें घेऊन ते विठ्ठलाकडे गेले तेव्हां गोड बोलावयास गेले नाहींत. ते भांडले, रुसले, देवाला त्यांनीं टाकून बोलण्यासही कमी केलें नाहीं. म्हणून त्यांस कोणीं अश्रद्ध म्हटलें काय? स्तोत्रसंहितेंतील अठ्ठ्याऐशींवें स्तोत्र आरंभापासून अखेरपर्यंत आक्रोशाचें आहे आणि तें अंधारांतच संपतें. तरी ज्यांनीं शास्त्राचा संग्रह केला त्यांनीं तें गाळलें नाहीं. गीतेच्या पहिल्या अध्यायालाही परंपरेनें अर्जुनविषादयोग असें नांव दिलें आहे. धनुष्य गळून पडलेल्या योद्ध्याच्या खिन्नतेला ज्या परंपरेनें योग म्हटलें, त्या परंपरेचे आम्ही वारस, आणि दहावींतला मुलगा दोन दिवस रडला तर त्याला "पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय?" असें विचारतों!

मात्र धर्माची भाषा दुधारी आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट व त्यांचे सहकारी यांनीं रुग्णालयांतील पंचावन्न वर्षांवरील ५९६ रोग्यांची सुमारें दोन वर्षें माहिती ठेवून २००१ सालीं ती प्रसिद्ध केली. देवानें आपल्याला टाकलें कीं काय, त्याचें आपल्यावर प्रेम नाहीं कीं काय, हें दुखणें सैतानानें आणलें, असे विचार ज्यांच्या मनांत घर करून होते, त्यांच्यांत पुढील काळांतील मृत्यूंचें प्रमाण इतरांहून अधिक आढळलें. आतां हे विचार रोग्याच्या मनांत आपोआपही येतात, हें कूपरनें दाखविलेंच आहे. पण जे आपोआप यावयाचे ते आपण जाऊन आणखी पेरावे काय?

आमच्या पाहण्यांतील एका विद्यार्थिनीची गोष्ट नांवगांव न सांगतां येथें देतों. मुलगी हुशार, गाणारी. एका पावसाळ्यांत ती बोलेनाशी झाली, जेवेनाशी झाली. घरच्यांनीं तिला एका प्रार्थनामंडळांत नेलें. तेथील लोक मोठ्या कळकळीनें तिच्याभोंवतीं बसत आणि म्हणत कीं, तुझ्या मनांत कांहीं लपविलेलें पाप आहे, तें सांगून टाक म्हणजे मोकळी होशील. तिनें पुष्कळ आठवून पाहिलें. शेवटीं त्या चांगल्या माणसांचा हिरमोड होऊं नये म्हणून तिनें पापें रचून सांगावयास आरंभ केला. चार महिने असे गेल्यावर एका मावशीनें धीर करून तिला सरकारी रुग्णालयांत नेलें. औषध सुरू झालें, आठवड्याच्या आठवड्याला डॉक्टरीणबाईंशीं बोलणें सुरू झालें, आणि पुढच्या नाताळांत ती पुन्हां गात होती. आपण सांगितलेलीं तीं खोटीं पापें मात्र अजून कोणाकोणास खरीं वाटत असतील, ही खंत तिच्या मनांतून गेलेली नाहीं.

याच्या उलट शास्त्रांतील एलीयाची कथा पाहावी. कर्मेल डोंगरावरील मोठ्या विजयानंतर लगेच हा संदेष्टा ईजबेल राणीच्या भयानें रानांत पळाला, एका झाडाखालीं बसला आणि आपल्याला मरण यावें असें मागूं लागला. देवदूत आला. त्यानें एलीयाची श्रद्धा तपासली नाहीं. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचें भांडें त्याच्या उशाशीं ठेवून तो म्हणाला कीं, ऊठ, खा. एलीयानें खाल्लें आणि तो पुन्हां झोंपला. देवदूतानें दुसऱ्यांदा उठवून पुन्हां खावयास घातलें. देवाचें त्याच्याशीं जें काय बोलणें व्हावयाचें तें त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर झालें. पहिलें औषध झोंप आणि भाकर! एखाद्या अनुभवी डॉक्टरानेंही हाच क्रम लावला असता.

धर्मस्थान मनाच्या रोग्यासाठीं काय होऊं शकतें याचीं दोन टोकें इतिहासानें आपल्यापुढें ठेविलीं आहेत. बेल्जियममध्यें गेल नांवाचें एक लहान शहर आहे. तेथें संत डिंफ्ना हिच्या स्थानीं वेड लागलेल्यांस बरें वाटतें अशा भावनेनें मध्ययुगापासून यात्रेकरू येत. देवळाच्या धर्मशाळेंत जागा पुरेना, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांस आपापल्या घरीं ठेवून घेतलें. चाल पडली ती पडली. रोगी घरांतल्या माणसांबरोबर जेवूं लागले, शेतांत काम करूं लागले, मुलें सांभाळूं लागले. विसाव्या शतकांतील तिसाव्या दशकांत असे साडेतीन हजारांहून अधिक लोक तेथील घरांतून राहत होते. आज संख्या पुष्कळ कमी झाली आहे, पाठीशीं डॉक्टर व रुग्णालय आहे, पण चाल मोडलेली नाहीं.

दुसरें टोक आपल्या देशांतलें. तामिळनाडूंत रामनाथपुरम् जिल्ह्यांतील इरवाडी येथील दर्ग्याला मनोरुग्णांस घेऊन दूरदूरचे लोक येत. तेथेंही राहण्याची जागा पुरेना. पण तेथें गांवकऱ्यांच्या घरांऐवजीं पैसे घेऊन रोगी ठेवणाऱ्या खाजगी झोंपड्या उठल्या. पळून जाऊं नयेत म्हणून माणसांना साखळदंडांनीं जखडून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहाटे अशाच एका ठिकाणीं आग लागली, आणि ज्यांना पळतां येत नव्हतें असे २८ जण जळून मेले. त्यांतील प्रत्येकाला कोणीं तरी मोठ्या आशेनें, देवाचें नांव घेऊन, तेथें आणून सोडलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें हें प्रकरण आपण होऊन हातीं घेतलें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मनोरुग्णास साखळीनें बांधण्यास बंदी केली आहे. आणि आपल्या महाराष्ट्रानें २०१३ सालीं जो जादूटोणाविरोधी कायदा केला त्यांत, भूत उतरविण्याच्या निमित्तानें कोणास बांधणें-मारणें हा गुन्हा ठरविला आहे.

श्रद्धा तीच, यात्रा तीच. एका गांवीं घराचीं दारें उघडलीं, दुसऱ्या गांवीं साखळ्या आल्या. तेव्हां देवस्थानास जाणें चांगलें कीं वाईट, हा प्रश्नच आम्हांस अपुरा वाटतो. तामिळनाडूंतच एका खेड्यांतील देवळांत राहावयास आलेल्या ३१ रोग्यांची २००० सालीं बंगळूरच्या डॉक्टरांनीं पाहणी केली होती. तेथें मारहाण नव्हती, कांहीं विशेष विधिही नव्हते. सडासंमार्जन करावें, झाडांना पाणी घालावें, नातलगानें जवळ राहावें, एवढेंच. काहीं आठवड्यांत त्यांच्या लक्षणांत सुमारें पंचमांश उतार दिसला. हा लाभ आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. पण उरलेल्या चार हिश्शांचें काय, हेंही विचारतों. गुजराथेंत मेहसाणा जिल्ह्यांतील उनावा येथील मीरा दातारच्या दर्ग्यांत याचें उत्तर काढण्याचा प्रयत्न झाला आहे. तेथें 'दवा आणि दुआ' या नांवानें मुजावर व मनोविकारतज्ज्ञ एकमेकांच्या सल्ल्यानें काम करूं लागले; दुआ मागून झाल्यावर मुजावरच रोग्याला डॉक्टरच्या खोलीकडे धाडतो. आमच्या मतें हा मुजावर ज्ञानी आहे.

आणि या बाबतींत प्रार्थनेवर ज्यांचा सर्वांत अधिक विश्वास असावयाचा, अशा एका मनुष्याचीच साक्ष काढतों. अमेरिकन मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स हे १९०७ सालीं हिंदुस्थानांत आले आणि लखनौस काम करूं लागले. आठ-साडेआठ वर्षांत कामाच्या ओझ्याखालीं त्यांचें मन व ज्ञानतंतु पार थकून गेले. मायदेशीं विश्रांति घेऊन परत आले, तरी पुन्हां तेंच. दोनदां डोंगरावर हवा पालटावयास गेले, तरी तेंच. अखेर लखनौमध्यें प्रार्थना करीत असतां त्यांस एक अनुभव आला, आणि आपण त्या क्षणापासून बरे झालों असें त्यांनीं १९२५ सालच्या आपल्या पुस्तकांत लिहून ठेविलें आहे. या अनुभवावर त्यांची शेवटपर्यंत निष्ठा होती. अशा मनुष्यानें, आमच्या त्या दोन शेजाऱ्यांच्या तर्कानें पाहतां, मनाच्या रोग्यांसाठीं एखादें प्रार्थनामंदिर बांधावयास हवें होतें. त्यांनीं १९५० सालीं त्याच लखनौ शहरांत 'नूर मंझिल' हें मनोविकारांचें रुग्णालय काढलें. तेथें शिकलेले डॉक्टर असावे, औषधें असावीं, आणि प्रार्थनाही असावी, अशी त्यांची योजना. स्वतःला प्रार्थनेनें आराम पडला म्हणून दुसऱ्याला औषध नाकारावें, असें त्यांस वाटलें नाहीं.

रोग लहान नाहीं. बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेनें २०१५-१६ मध्यें केलेल्या पाहणींत आपल्या देशांतील प्रौढांपैकीं शेंकडा दहांहून कांहींसे अधिक लोक त्या वेळीं कोणत्या ना कोणत्या मनोविकारानें पीडित आढळले. आणि निरनिराळ्या विकारांत उपचारावांचून राहिलेल्यांचें प्रमाण शेंकडा सत्तर ते ब्याण्णव इतकें निघालें. या हिशेबानें आमच्या शाळेच्या पालकसभेस जमणाऱ्या मंडळींत असे कितीक असतील, आणि त्यांपैकीं किती जण मुकाट्यानें सोशीत असतील, हें ज्यानें त्यानें ताडून पाहावें.

आमच्यासारख्या शाळांतून सकाळच्या उपासनेच्या वेळीं आजाऱ्यांसाठीं विनंती करण्याची चाल आहे. अमक्याला विषमज्वर झाला आहे, तमक्याचा पाय मोडला आहे, असें मोकळेपणानें सांगतात. मनाच्या आजाऱ्याची पाळी आली म्हणजे आवाज खालीं येतो आणि "एक विशेष विनंती आहे" एवढ्यावर भागवितात. रोग्याची संमति असेल तर त्याच्याही दुखण्याचें नांव तापाच्या नांवासारखें सरळ घ्यावें, अशी आमची सूचना आहे. संमति नसेल तर विचारपूस घरीं जाऊन करावी, आणि जातांना उपदेश न नेतां डबा न्यावा. सरकारनें २०२२ च्या ऑक्टोबरांत 'टेलि-मानस' नांवाची दूरध्वनीवरील सल्ल्याची सोय सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथें दिवसा-रात्रीं केव्हांही, मराठींतही, फुकट बोलतां येतें. हा क्रमांक, आणि आपल्या जिल्हा रुग्णालयांतील मनोविकाराचा विभाग कोणत्या वारीं उघडा असतो तें, उपासनेच्या वेळापत्रकाशेजारीं फळ्यावर लिहून ठेवावें. ज्याला तेथें जावयाचें असेल त्याच्या सोबतीस शिक्षकांपैकीं किंवा मित्रांपैकीं कोणीं जावें हेंही आधींच ठरवून ठेवावें. पहिल्या दिवशीं त्या दारांतून एकट्यानें आंत जाणें कठीण असतें.